घर बांधण्यापूर्वी हद्द कायम : जुन्या वस्तीतील भूखंड आणि भंडारदऱ्याचा उतार

घराचा आराखडा, कर्जाचा हप्ता, सिमेंट-सळईचे भाव आणि भूमिपूजनाचा मुहूर्त यांची चौकशी घर बांधणारा प्रत्येक जण करतो. ज्या जमिनीवर हे घर उभे राहणार, तिची हद्द नेमकी कोठून कोठपर्यंत आहे, ही चौकशी मात्र बहुधा सर्वांत शेवटी होते. कुंपण आहे, शेजारी ओळखीचा आहे, वडिलांच्या काळापासून वहिवाट आहे, एवढ्या भरवशावर पाया खणला जातो. पुढे शेजारच्या भूखंडाची विक्री होते, नवा मालक मोजणी आणतो आणि आपल्या भिंतीचा फूट-दीड फूट भाग दुसऱ्याच्या जमिनीत असल्याचे उघड होते. तोपर्यंत स्लॅब पडलेला असतो. शहरातील जुन्या वस्तीत जुनी घरे पाडून नवी बांधणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी सुट्टीतले घर बांधू पाहणाऱ्या शहरवासीयांपुढे तर त्याहून अधिक गुंतागुंतीचे प्रश्न उभे राहतात. दोन्ही ठिकाणी पहिले पाऊल एकच, आणि ते म्हणजे अधिकृत मोजणी.

साखळी, गुंठा आणि टिपण

आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याला, म्हणजेच पूर्वीच्या अहमदनगरला, जमीन मोजणीची जुनी परंपरा आहे. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या प्रारंभी जमिनीची पाहणी करून महसुलाची घडी बसवली आणि ती पुढे दीर्घकाळ नावाजली गेली. इंग्रजी अमलात दख्खनमध्ये प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली मोजणी व आकारणी फसली. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात नव्या पद्धतीची आकारणी सुरू केली. तिची तत्त्वे १८४७ च्या संयुक्त अहवालात निश्चित झाली आणि मुंबई इलाख्यात तीच रूढ झाली.

आज बोलण्यात येणारा ‘गुंठा’ याच पद्धतीतला. मोजणीची साखळी ३३ फुटांची व तिचे भाग सोळा, प्रत्येक भाग म्हणजे एक आणा. एक साखळी लांब व एक साखळी रुंद, म्हणजे ३३ गुणिले ३३, असे १०८९ चौरस फूट क्षेत्र म्हणजे एक गुंठा. ४० गुंठ्यांचा एक एकर. दशमान पद्धत आल्यावर अभिलेख हेक्टर व आर यांत आले. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटर. आर व गुंठा एकच, असे समजण्याचा प्रघात आहे. एका गुंठ्यात हा फरक बारा-साडेबारा चौरस फुटांचा असतो, तर एकरात तो सुमारे पाचशे चौरस फुटांवर जातो.

त्या काळी भूमापकाने शेतात फिरून जे अंतर साखळीने मोजले, ते आकृतीसह ज्या कागदावर उतरवले त्याला टिपण म्हणतात. पुढे वाटण्या झाल्या, पोटहिस्से पडले, १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्याखाली अनेक गावांत सर्व्हे नंबरांचे गट झाले. या प्रत्येक टप्प्याचा कागद भूमी अभिलेख कार्यालयात असतो. आज इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन, म्हणजे ‘ईटीएस’ यंत्राने किंवा उपग्रहाचे संकेत घेणाऱ्या रोव्हरने मोजणी होते. परंतु यंत्र केवळ आजची स्थिती अचूक दाखवते. हद्द ठरते ती या जुन्या अभिलेखांशी आजची स्थिती ताडून. यंत्र नवे आणि पुरावा जुना, हे मोजणीचे मर्म आहे.

शहरात मिळकत पत्रिका, गावात सातबारा

शेतजमिनीचा हक्क सातबारा उताऱ्यावर दिसतो. शहरात व मोठ्या गावठाणात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२६ प्रमाणे नगर भूमापन होते. प्रत्येक मिळकतीला सिटी सर्व्हे क्रमांक मिळतो आणि तिची मिळकत पत्रिका, म्हणजे रोजच्या भाषेतील प्रॉपर्टी कार्ड, उघडली जाते. मुंबई शहरात कर्नल लॉटन यांच्या देखरेखीखाली १८६५ ते १८७२ या काळात तपशीलवार भूमापन झाले होते. आजही मुंबई बेटावरील मिळकतीस ‘सी.एस.’ क्रमांक व उपनगरातील मिळकतीस ‘सी.टी.एस.’ क्रमांक असतो. जेथे नगररचना योजना झाली तेथे अंतिम भूखंड क्रमांकही असतो. एकाच जमिनीला सर्व्हे नंबर, सिटी सर्व्हे क्रमांक आणि अंतिम भूखंड क्रमांक असे तीन क्रमांक असू शकतात. खरेदीखत, कर पावती व मिळकत पत्रिका यांत वेगवेगळे क्रमांक आढळले, तर ते एकाच जमिनीचे आहेत याची खातरजमा प्रथम करावी लागते.

या कागदांचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. सातबारा व मिळकत पत्रिका क्षेत्र आणि धारकाचे नाव सांगतात, पण हद्द जागेवर दाखवत नाहीत. गाव नकाशा शेजारी कोण ते सांगतो, पण त्यावरून पाया आखता येत नाही. १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर पाच मीटरची होते. नगर भूमापनाच्या १:५०० प्रमाणाच्या नकाशावर तीच रेघ २५ सेंटिमीटरची होते. मोबाइलवरील उपग्रह छायाचित्रावर हद्दीची रेघ दाखवून जमीन विकणाऱ्यांची आता कमतरता नाही. साध्या मोबाइलचे स्थान काही मीटरनी चुकू शकते, हे लक्षात घेता अशा रेघेवर व्यवहार करणे धोक्याचे आहे.

‘हद्द कायम’ मोजणी कशी होते?

मोजणीचे प्रकार अनेक आहेत. वाटणीसाठी पोटहिस्सा मोजणी, बिगरशेती वापरासाठी बिनशेती मोजणी, न्यायालयाच्या आदेशाने होणारी मोजणी इत्यादी. घर बांधणाऱ्यास सामान्यतः ‘हद्द कायम’ मोजणी लागते. तालुक्यात उपअधीक्षक, भूमी अभिलेख आणि मोठ्या शहरात नगर भूमापन अधिकारी यांच्या कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. आता हा अर्ज ई-मोजणी प्रणालीतून ऑनलाइन होतो. शुल्क क्षेत्रावर, शहरी किंवा ग्रामीण हद्दीवर आणि निकडीवर अवलंबून असते. पूर्वी साधी, तातडीची, अतितातडीची अशा अनेक वर्गवाऱ्या होत्या. २०२४ मध्ये त्या कमी करून नियमित व द्रुतगती अशा दोनच ठेवण्यात आल्या.

अर्जात चतुःसीमा व लगतच्या धारकांची नावे-पत्ते द्यावे लागतात. येथे हयगय करू नये. लगतधारकांना नोटीस गेली नाही, तर ती मोजणी पुढे वादात टिकत नाही. ठरलेल्या दिवशी भूमापक जागेवर येतो, उपलब्ध जुन्या खुणा शोधतो, वहिवाटीची मोजणी करतो आणि अभिलेखातील हद्द जागेवर दाखवतो. अर्जदाराने त्याच वेळी दगड, खांब किंवा अन्य टिकाऊ खुणा रोवून घ्याव्यात. चुन्याच्या रेघेवर विसंबू नये. नंतर अर्जदारास मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते. अभिलेखातील हद्द व प्रत्यक्ष वहिवाट यांत फरक असल्यास तो या नकाशावर दिसतो आणि अतिक्रमणाचे क्षेत्रही कळते.

मोजणी मान्य नसल्यास वरिष्ठांकडून फेरमोजणी मागता येते. खात्याच्या भाषेत तिला ‘निमताना’ मोजणी म्हणतात आणि त्यापुढील पायरीस ‘सुपर निमताना’. मोजणीने मालकी सिद्ध होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. मालकीचा निर्णय दिवाणी न्यायालय करते. शेजाऱ्याने बारा वर्षांहून अधिक काळ उघडपणे व मालकाच्या हक्काविरुद्ध कब्जा ठेवला असल्यास १९६३ च्या मुदत कायद्याचा आधार घेऊन तो प्रतिकूल कब्जाचा दावा करू शकतो. म्हणूनच अतिक्रमण ध्यानात आल्यावर ‘पुढे बघू’ हे धोरण महागात पडते.

जुन्या वस्तीत दीड फुटाची किंमत

जुन्या पेठा, वाडे, १९५०-६० च्या दशकांतील गृहनिर्माण संस्थांचे बंगले अशा वस्त्यांत आज मोठ्या प्रमाणावर पुनर्बांधणी होते. तेथील अडचणी ठरलेल्या आहेत. दोन वाड्यांमधील भिंत सामाईक असते, आणि एकाने ती पाडली की दुसऱ्याच्या तुळया उघड्या पडतात. मधला बोळ कोणाच्या क्षेत्रात धरला आहे हे कोणालाच ठाऊक नसते. कुंपणाची भिंत पुन्हा बांधताना ती कधी आत, कधी बाहेर सरकलेली असते. रस्तारुंदीत गेलेले क्षेत्र मिळकत पत्रिकेवरून कमी झालेले नसते.

एक साधे उदाहरण घ्यावे. भूखंड ४० फूट रुंद व ६० फूट खोल, म्हणजे २४०० चौरस फुटांचा आहे. साठ फुटांच्या बाजूची भिंत दीड फूट आत आहे. प्रत्यक्षात ताब्यात राहिले ३८.५ गुणिले ६०, म्हणजे २३१० चौरस फूट. ९० चौरस फुटांची ही तूट एवढ्यावर थांबत नाही. मुंबई व काही विशेष क्षेत्रे वगळता राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीच्या नमुन्यात भूखंडाचे क्षेत्र तीन प्रकारे लिहावे लागते : मालकीच्या कागदाप्रमाणे, मोजणी नकाशाप्रमाणे आणि प्रत्यक्ष जागेवर. या तिन्हींतील सर्वांत कमी क्षेत्र बांधकामासाठी धरले जाते. चटई क्षेत्र निर्देशांक त्या कमी क्षेत्रावर मोजला जातो, म्हणजे प्रत्येक मजल्यावर तूट येते. शिवाय सामासिक अंतर घटलेल्या रुंदीतूनच सोडावे लागते. आराखडा आधी व मोजणी नंतर, असा उलटा क्रम लावल्यास वास्तुविशारदाचे सर्व काम पुन्हा करण्याची वेळ येते.

शहरांतील भूमापन अभिलेख जुने झाले आहेत, याची दखल केंद्र शासनानेही घेतली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये देशातील १५२ नागरी स्थानिक स्वराज्य संस्थांत ‘नक्शा’ हा पथदर्शी कार्यक्रम सुरू झाला. त्यात विमान वा ड्रोनच्या छायाचित्रांवरून शहरी मिळकतींचे नवे नकाशे तयार करावयाचे आहेत.

भंडारदरा : पाणी, जंगल आणि उतार

अकोले तालुक्यातील भंडारदरा म्हटले की प्रवरेवरील विल्सन धरण डोळ्यांपुढे येते. १९१० मध्ये सुरू झालेले हे दगडी धरण १९२६ मध्ये पुरे झाले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्यास मिळाले. धरणालगतचे गाव शेंडी. जलाशयाच्या भोवती मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, मुतखेल ही गावे. उत्तरेस राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१६४६ मीटर) आणि पाण्याच्या वरच्या अंगाला प्रवरेचे उगमस्थान असलेला रतनगड. मुंबई, पुणे व नाशिक येथील अनेकांना या परिसरात छोटेसे घर असावे असे वाटते, यात नवल नाही. परंतु येथे ‘हद्द’ या शब्दाला एकाहून अधिक अर्थ आहेत.

पहिली हद्द पाण्याची. जलाशयासाठी संपादित झालेली जमीन शासनाची आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठाची जमीन उघडी पडते आणि ती कोणाच्या तरी शेताचा भाग वाटू लागते. संपादनाची रेषा मात्र पाण्याबरोबर मागे-पुढे होत नाही. धरणाखाली नदीकाठी पूररेषांचा विचार करावा लागतो. २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा व १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र निषिद्ध, तर दोन रेषांमधील क्षेत्र नियंत्रित समजले जाते.

दुसरी हद्द जंगलाची. कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर आहे आणि जलाशयाभोवतीची अनेक गावे त्याच्या परिघात येतात. येथील जमिनीचा विचार करताना महसुली अभिलेखाबरोबर वन विभागाचा नकाशाही पाहावा लागतो.

तिसरी हद्द कायद्याची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातील गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात. येथील रहिवासी प्रामुख्याने महादेव कोळी व ठाकर समाजाचे. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ प्रमाणे आदिवासींची जमीन आवश्यक त्या शासकीय पूर्वमंजुरीशिवाय बिगर आदिवासीस विकता, गहाण ठेवता वा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देता येत नाही. मंजुरीविना झालेला व्यवहार अवैध ठरतो आणि जमीन मूळ आदिवासी कुटुंबाकडे परत जाऊ शकते. साठेखत, नोटरीचा करार किंवा कुलमुखत्यारपत्र यांच्या आधारे ‘सर्व काही करून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थावर विश्वास ठेवणारा शहरवासी स्वतःची आयुष्यभराची बचत तर गमावतोच, पण एखाद्या कुटुंबाची एकमेव जमीनही वादात लोटतो. याखेरीज कूळवहिवाट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे बिगरशेतकऱ्यास परवानगीविना शेतजमीन खरेदी करता येत नाही. कितीही अचूक मोजणी केली, तरी मुळात घेताच न येणारी जमीन तिने घेण्याजोगी होत नाही. म्हणून येथे क्रम असा असावा : प्रथम धारणाधिकार, मग वन व पाण्याची हद्द आणि त्यानंतर मोजणी.

उतारावरचे शंभर मीटर

या सर्वांतून पार पडलेली जमीन असली, तरी डोंगराळ भागातील मोजणीचे एक वैशिष्ट्य शहरवासीयांस ठाऊक नसते. अभिलेखातील क्षेत्र नेहमी आडव्या पातळीत धरलेले असते, उताराच्या पृष्ठभागावर नव्हे. वीस अंशांच्या उतारावर टेप जमिनीला टेकवून १०० मीटर मोजले, तर आडवे अंतर भरते सुमारे ९४ मीटर. तीस अंशांवर ते ८६.६ मीटरपर्यंत खाली येते. जागेवर टेप धरून ‘पूर्ण भरते’ असे समाधान करून घेणारा खरेदीदार येथे फसतो. हिशेबी भूमापक म्हणूनच उतारावर टेप पायऱ्यापायऱ्यांनी आडवा धरतो. ईटीएस यंत्र हे आडवे अंतर आपोआप काढून देते.

उतारावर घर बांधताना हद्दीच्या मोजणीबरोबर उंचसखलपणाची मोजणीही करावी. ती खासगी सर्वेक्षकाकडून करून घेता येते. ठरावीक अंतरावर पातळी घेऊन समोच्च रेषांचा नकाशा तयार होतो, त्यात ओढे, मोठी झाडे, खडक व वाट दाखवली जाते. घाटघर-रतनवाडी परिसराला जिल्ह्याचे चेरापुंजी म्हणतात, एवढा तेथे पाऊस. भाताच्या खाचरांतून वाहणारे पाणी पावसाळ्यात नेमके कोठून जाते, हे मे महिन्यातील भेटीत कळत नाही. पाण्याची वाट अडवून बांधलेली संरक्षक भिंत पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यातच ढासळू शकते. हा नकाशा वास्तुविशारदास अत्यंत उपयुक्त असतो, पण तो ‘हद्द कायम’ मोजणीची जागा घेऊ शकत नाही. भर पावसात शेतात उभ्या भातात मोजणी करणे अवघड असल्याने अर्जाचे वेळापत्रकही त्यानुसार आखावे.

गावठाणातील घरे

या परिसरातील मूळ रहिवाशांपुढे निराळा प्रश्न आहे. गावठाणातील घर पिढ्यान् पिढ्या ताब्यात, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये कर आकारणीची नोंद, पण जागेचा नकाशा नाही, अशी स्थिती राज्यातील असंख्य लहान गावांत होती. पर्यटकांसाठी दोन खोल्या वाढवायच्या तर बँक तारण मागते आणि तारणास कागद नसतो. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे ड्रोनद्वारे गावठाण मोजणीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राची ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली. चुन्याने आखलेल्या मिळकतींची ड्रोनवरून छायाचित्रे घ्यायची, त्यांवरून नकाशा करायचा, चौकशीअंती सनद व मिळकत पत्रिका द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. चौकशीच्या वेळी घरातील कर्ता पुरुष कामानिमित्त बाहेरगावी असेल, तर अन्य सदस्याने कर पावती व जुने कागद घेऊन हजर राहणे हिताचे असते. त्या वेळी झालेली चूक दुरुस्त करण्यास पुढे अपिलाचा लांबचा मार्ग घ्यावा लागतो.

गावठाणाबाहेर पण त्याच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतील जमिनीस निवासी वापरासाठी अकृषिक परवानगीची प्रक्रिया संहितेच्या कलम ४२-ड मुळे सोपी झाली. हे २०० मीटर कोठून मोजायचे, तर गावठाणाच्या अधिकृत हद्दीपासून, शेवटच्या घरापासून नव्हे. हा फरकही मोजणीच ठरवते. तुकडेबंदी कायद्याखाली २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे व बागायतीसाठी १० गुंठे ठरवण्यात आले. त्याहून लहान शेती तुकडा घेण्यापूर्वी त्यास लागू असलेली तरतूद तपासणे आवश्यक ठरते.

पाया आखताना

मोजणी झाली, खुणा रोवल्या, नकाशा मंजूर झाला, तरी एक पायरी उरते. मंजूर नकाशा जमिनीवर उतरवणे, म्हणजेच लाइनआउट. ही आखणी ‘क’ प्रतीवरील हद्दीच्या खुणांपासून करावी, जुन्या कुंपणापासून किंवा शेजारच्या भिंतीपासून नव्हे. गवंडी दोरी लावून कोपरे गुण्यात आणतो. एका बाजूस तीन, दुसऱ्या बाजूस चार मोजल्यावर तिरपे अंतर पाच भरले की काटकोन बरोबर. आयताकृती आखणीत दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. जोत्यापर्यंत काम आल्यावर सामासिक अंतरे पुन्हा मोजून जोते तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे आणि मगच भिंती चढवाव्यात. जोत्याच्या पातळीवर सापडलेली चूक काही दिवसांत दुरुस्त होते. स्लॅबनंतर सापडलेली चूक दुरुस्त करायची तर बांधकाम पाडावे लागते किंवा न्यायालयाची पायरी चढावी लागते.

मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना केवळ नोटिशीवर न सोडता स्वतः जाऊन बोलावण्याची खेड्यात जुनी रीत आहे. सर्वांच्या डोळ्यांदेखत दगड रोवला की त्याविषयी पुढे तक्रार करणे कठीण जाते. शहरातील सोसायटीतही ही रीत पाळण्यासारखी आहे. ‘क’ प्रतीची एक छायाप्रत लगतच्या घरी द्यावी, खुणांची छायाचित्रे तारखेसह जपून ठेवावीत आणि मूळ प्रत खरेदीखताच्याच फाइलमध्ये ठेवावी. पुढच्या पिढीतील कोणी ते घर पाडून नवे बांधायला घेईल, तेव्हा त्याला सर्वप्रथम हाच कागद लागणार आहे.